खुर्ची खिडकीकडे वळवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार, वि. वि.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यातली रात्रीची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, आता गिटहबवरून (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) मुकाट्याने कोड ओढते आणि कामाला लागते. खालच्या मजल्यावरून येऊन ती तुम्ही दुरुस्त केलीत आणि ‘त्यात काय एवढं’ म्हणत जिना उतरून गेलात, म्हणून हे जाहीर पत्र.

आधी ज्यांना रीतसर पैसे मोजले, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या एजन्सीने व्हॉट्सॲपवर गिटहबचा पासवर्ड मागितला. कमांड लाइनवरून पासवर्ड घेणं गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ लाच बंद केलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मग त्यांच्याच एका मुलाच्या खात्याचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी अक्षरांची लांबलचक माळ) काढून थेट रिमोटच्या, म्हणजे गिटहबवरच्या कोडच्या, पत्त्यात घुसडलं. असं टोकन रेपोच्या (कोडच्या साठ्याच्या) कॉन्फिग फाइलमध्ये उघडंवाघडं पडून राहतं. ‘गिट रिमोट’ या कमांडला पत्ते दाखव म्हटलं की कोणीही वाचावं. मुलगा नोकरी सोडून गेला, त्याचा ॲक्सेस काढला, स्क्रिप्ट आडवी. त्यावर उपाय म्हणून एसएसएच (पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने ओळख पटवणारी जोडणी) आणलं, ते दिवसा हाताने चालवलं की चालायचं आणि रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चाललं की बोंबलायचं. ‘तुमच्या सर्व्हरचाच इश्यू आहे’, एवढंच उत्तर. बिल मात्र जीएसटीसकट चोख.

तुम्ही लॉग वाचलात आणि विचारलंत, “रात्री एजंट कुठे असतो?” तिथेच गाठ सुटली. लॉगिन केलेल्या माणसाच्या सेशनमध्ये एसएसएच-एजंट किल्ली उघडून बसलेला असतो. क्रॉनला त्या एजंटच्या सॉकेटचा (त्याच्याशी बोलायच्या दाराचा) पत्ताच नसतो, किल्लीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, असतो आणि तो विचारायला समोर टर्मिनल नाही. मग ‘परमिशन डिनाइड’ नाही येणार तर काय!

पुढचं सगळं इथे लिहीत नाही, पण दोन-तीन गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. स्क्रिप्टच्याच युजरखाली ईडी२५५१९ प्रकारची किल्ली, पासफ्रेजशिवाय. आणि पासफ्रेज नाही म्हणूनच ती फक्त वाचण्यापुरती डिप्लॉय की, म्हणजे कोणा माणसाच्या खात्याला नव्हे तर थेट रेपोला जोडलेली किल्ली. फाइलला ६०० परवानगी (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी), कारण इतरांना वाचता येणारी खासगी किल्ली एसएसएच वापरायलाच नकार देतं. एक डिप्लॉय की एकाच रेपोला लागते, म्हणून दोन रेपोंना दोन किल्ल्या, कॉन्फिगमध्ये दोन टोपणनावं आणि प्रत्येकाखाली ‘आयडेंटिटीजओन्ली येस’, म्हणजे नेमून दिलेलीच किल्ली वापर. ही ओळ नसेल तर हाताने चालवताना एजंटमधली दुसरीच किल्ली आधी पुढे जाते, गिटहब तिला ओळखून आत घेतं आणि मग सांगतं ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’. माणूस पत्त्यातलं स्पेलिंग तपासत बसतो! शिवाय ‘बॅचमोड येस’, म्हणजे प्रश्न विचारत ताटकळण्यापेक्षा स्क्रिप्ट तिथल्या तिथे पडते आणि सकाळी कळतं तरी.

एजन्सीने होस्ट कीची, म्हणजे पलीकडच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्लीची, तपासणी बंद करून ठेवली होती. तुम्ही ती चालू केलीत आणि त्या किल्लीचा फिंगरप्रिंट (थोडक्यातला ठसा) गिटहबने जाहीर केलेल्या यादीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलात. मार्च २०२३ मध्ये गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली, तेव्हा जगभर कितीतरी स्क्रिप्ट अडल्या. अडायलाच हव्या होत्या. पलीकडे कोण बसलंय हे न बघता कोड उचलणारी स्क्रिप्ट काय कामाची?

पण हे पत्र खरं तर वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. पब्लिक की (जोडीतली उघडपणे द्यायची किल्ली) रेपोच्या सेटिंग्जमध्ये चिकटवायला आमच्या साहेबांना लॉगिन करावं लागणार होतं. ते पासवर्ड टाइप करायला लागले, तशी तुम्ही खुर्ची सरळ खिडकीकडे फिरवलीत आणि “झालं की सांगा” म्हणालात. कीबोर्डला हात लावला नाहीत. खासगी किल्ली सर्व्हरच्या बाहेर एकदाही गेली नाही, तुमच्याही लॅपटॉपवर नाही. मदत करणारा माणूस बऱ्याचदा चावी स्वतःच्या खिशात घालून जातो. ‘पुढे लागली तर असू दे’ म्हणतो आणि आपणही संकोचाने गप्प बसतो. तुम्ही तो संकोच आमच्यावर येऊच दिला नाहीत. अशी माणसं खालच्याच मजल्यावर असतात आणि लिफ्टमध्ये नुसती मान हलवून आपण पुढे जातो.

जुनं टोकन तुम्ही सांगितल्याप्रमाणे रद्द करून घेतलं आहे. पैसे घेतले नाहीत, ठीक. मामलेदारच्या मिसळीला मात्र नाही म्हणायचं नाही. तिखट कितपत चालतं तेवढं कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
वरच्या मजल्यावरचे शेजारी