आग चारकोपला, बंब चंद्रपूरला: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मुंबईत तोडल्या जाणाऱ्या कांदळवनांची आणि वन्यजीव अधिवासांची भरपाई मुंबईच्याच खाड्यांत व जंगलांत करण्याबाबत

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्यासाठी ४५ हजारांहून अधिक तिवरांवर गदा येणार आहे. उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली आहे. रस्ता हवा की नको हा वाद मी इथे उकरून काढत नाही. संध्याकाळी लिंक रोडवर काय हाल होतात ते आम्हा कांदिवलीच्या चारकोपकरांना वेगळं सांगायला नको. पण या तोडीच्या बदल्यात पर्यायी वनीकरणासाठी जी जमीन दाखवली गेली, ती चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. काही तिवरं किनारपट्टीवर पुन्हा लावली जाणार आहेत, हे मान्य. तरीही जंगलाच्या हिशोबातली मोठी भरपाई होणार ती इथून रस्त्याने आठशे किलोमीटरहून लांब, समुद्राची भरती जिथे कधी पोचलीच नाही अशा ठिकाणी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

यात कायदा मोडलेला नाही, हेच खरं दुखणं. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखालच्या नियमांनुसार वनजमीन वळती केली की तेवढीच बिगरवन जमीन द्यायची आणि तिच्यावर झाडं लावायची. मुंबईत अशी जमीन सापडत नाही म्हणून फाइल विदर्भात जाते. तिथे सागवान लागेल, बांबू लागेल, वनखात्याच्या नोंदवहीत तितकं क्षेत्र भरेल. चंद्रपूरला जंगल वाढलं तर आनंदच आहे. पण गोराईच्या खाडीत ज्या चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ भरावाखाली गाडलं गेलं, तिला ताडोब्याजवळच्या बांबूचा काय उपयोग?

कांदळवन म्हणजे चिखलात उगवलेली झाडं, एवढ्यावर आपल्याकडचे बरेच अहवाल थांबतात. ओहोटीच्या वेळी एकदा आत उतरून पाहिलं तर कळतं की तिथे झाड हा निम्माच भाग आहे. तिवराच्या बुंध्याभोवती बोटभर उंचीची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात. ओहोटीला ती हवा घेतात, भरतीला बुडतात. त्यांच्या जाळीत कोळंबीची आणि बोईची पिल्लं लपतात, निवट्या नावाचे मासे चिखलावर उड्या मारत असतात, जिताड्याची पिल्लं खाडीतच मोठी होतात. मनोरी-गोराईच्या कोळणी कालवं आणि खेकडे काढायला ज्या पट्ट्यात जातात तो हाच. कोळीवाड्यात कुणी तिवरं मोजत नाही. पाणी आत कुठवर चढतं आणि निवट्या दिसतात की नाही, यावरून ते खाडीची तब्येत ओळखतात. वनखात्यानं नेमकं हेच मोजमाप घ्यावं, असं माझं म्हणणं आहे.

एक जागा दाखवतो. अशा जागा वसईपासून ठाणे खाडीपर्यंत अनेक आहेत. कधी काळी घातलेला एक कच्चा रस्ता, त्याखाली एक मोरी. मोरीचा पाइप गाळानं, थर्माकोलनं आणि डेब्रिजच्या तुकड्यांनी पाऊण भरलेला. भरती येते तेव्हा रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाणी हातभर चढतं, दुसऱ्या बाजूला मात्र नुसतं थरथरतं. त्या बाजूचं पाणी काळं, त्यावर शेवाळाची साय. श्वासमुळं सतत बुडालेली राहिली की तिवर गुदमरतो. आधी शेंड्याची पानं झडतात, मग नुसती करडी खोडं उरतात. दोन्ही बाजूंना माती तीच, बियाणंही तेच. अडलंय ते फक्त पाणी. ती मोरी साफ केली, रुंद केली, आतल्या जुन्या नाळी मोकळ्या केल्या, तर बऱ्याच ठिकाणी रोपं लावायचीही गरज पडत नाही. तिवराचं बी भरतीवर तरंगत येतं आणि चिखलात आपोआप रुजतं. जगभर कांदळवन परत आणणाऱ्यांचा अनुभव हाच सांगतो: आधी पाण्याची वाट, मग लागलीच तर रोपं.

आपण बरोबर याच्या उलट करतो. काळ्या पिशव्यांतली रोपं आणायची, दोऱ्या ताणून रांगेत लावायची, फलक रोवायचा आणि फोटो काढायचा. पुढच्या उधाणात प्लास्टिक येऊन रोपांना लपेटतं आणि निम्मी आडवी होतात. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी ही रोपं उघड्या चिखलपट्ट्यावर लावली जातात, कारण तिथे जागा 'मोकळी' दिसते. ती मोकळी नसते. लांब चोचीचे पाहुणे पक्षी सैबेरियापासून येऊन त्याच चिखलात चोच खुपसून जगतात. तिथे तिवर लावणं म्हणजे एका अधिवासाची भरपाई करताना दुसरा मोडणं.

इथे एक सावधगिरीही सांगतो, कारण माझ्या सूचनेचाच गैरवापर होण्याची भीती आहे. उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, भराव टाकून नष्ट केलेली कांदळवनं पूर्ववत करणं ही सरकारची जबाबदारीच आहे. ते जुनं देणं आहे. बेकायदा टाकलेलं डेब्रिज उचलायचं आणि तेच काम नव्या रस्त्याच्या भरपाईत दाखवायचं, असं होता कामा नये. एक काम एकाच फाइलीत मोजा.

मुंबईत जागाच नाही, असं उत्तर येईल. मग कांजूर, भांडुप, मुलुंडची मिठागरं काय आहेत? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं त्यातली २५५.९ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी मंजूर केली. धारावीकरांना घर मिळायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही. पण खाडीकाठची ही सपाट, उथळ पाण्याची जमीन फ्लेमिंगोंसाठी आणि इतर पाणपक्ष्यांसाठी फार मोलाची आहे. पक्षी ओहोटीला चिखलपट्ट्यांवर चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना चार-सहा तास टेकायला दुसरी उथळ जागा लागते. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०१५ मध्ये दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. क्षेत्र १,६९० हेक्टरच्या आसपास. पक्ष्यांचं जेवणघर आपण असं राखलं, पण त्यांची विश्रांतीची जागा बहुतेक त्या हद्दीबाहेर, नवी मुंबई आणि उरणच्या पाणथळींत राहिली. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येणं बंद झालं, २०२४ च्या उन्हाळ्यात तो कोरडा पडला आणि तिथे फ्लेमिंगो मेलेले सापडले. नंतर २०२५ मध्ये तो तलाव राखीव करण्याचा निर्णय झाला. उशिरा का होईना, चांगला निर्णय. अशाच उरलेल्या पाणथळी आणि मिठागरं भरपाईच्या यादीत सर्वांत वर यायला हवीत. घर बांधायला ती जागा चालते आणि भरपाईला मात्र जागा सापडत नाही, हे गणित सामान्य माणसाच्या डोक्यावरून जातं.

जंगलाच्या बाजूलाही तेच चाललं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, त्यात पन्नासच्या आसपास बिबटे. आरेचं ३२८ हेक्टर क्षेत्र राखीव वन झालं ते उत्तमच. आरेच्या पाड्यांत वाघबारशीला आजही वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि तिथे सापडलेल्या एका विंचवाच्या शास्त्रीय नावातच आरे आहे. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीत सुरू केलेल्या तोडीत मेट्रो कारशेडसाठी २,१०० हून अधिक झाडं पाडली गेली, तेव्हाही सांगितलं गेलं होतं की याहून कितीतरी जास्त रोपं लावली आहेत. कुठे लावली, त्यांच्या खाली काय जगतं, हे कुणी विचारलं नाही. बिबट्याला वाट हवी असते, रोपांची रांग नको असते. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या एका विहिरीतून काढून माळशेजला सोडलेला, 'आजोबा' म्हणून ओळखला गेलेला बिबट्या शंभर-सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या उद्यानापर्यंत आला. २०११ मध्ये तो महामार्गावर वाहनाच्या धडकेत गेला. उद्यानापासून त्याच्या उत्तरेच्या नागला जंगलातून, वसई खाडी ओलांडून तुंगारेश्वर अभयारण्यापर्यंतची वाट अजून पूर्ण तुटलेली नाही, पण महामार्ग, रेल्वे आणि गोदामं तिला दरवर्षी कुरतडत आहेत. विदर्भाकडून काही घ्यायचंच असेल तर हे घ्या: पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी भुयारी वाटा बांधल्या आणि वाघांनी त्या वापरल्या, कॅमेऱ्यांत त्याच्या नोंदी आहेत. भरपाईच्या पैशातून तुंगारेश्वरच्या वाटेवरची खासगी जमीन विकत घेता येईल, पुलाखालचे गाळे मोकळे ठेवता येतील.

पैशाचं म्हणाल तर तो आहे. २०१६ च्या कायद्यानं पर्यायी वनीकरण निधीची नव्वद टक्के रक्कम राज्यांकडे येते. अडचण मोजण्याच्या सवयीत आहे. देशाच्या महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१३ च्या अहवालात देशभराचा हिशोब मांडला होता: भरपाईपोटी मिळायला हवी होती १,०३,३८१ हेक्टर बिगरवन जमीन, मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि प्रत्यक्ष लागवड झाली ७,२८० हेक्टरवर. आपल्या राज्यानं २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचा संकल्प केला, त्याची पुढे विधिमंडळाच्या समितीकडून चौकशी करावी लागली. शहरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली: झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावायची. हेतू चांगला. पण साठ वर्षांच्या वडाच्या ढोलीत राहणाऱ्या घुबडाला साठ गुलमोहर देऊन काय साधणार? आकडा मोठा होतो एवढंच.

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्या बांधकामांना नियम लागू झाला: आधी होता त्यापेक्षा अधिवास किमान दहा टक्के सरस करून दाखवायचा आणि तो तीस वर्षं सांभाळायचा. भरपाई लांब केली तर तिचं मोल कमी धरतात. त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलावी असं मी म्हणत नाही. तिथेही पळवाटा आहेतच. पण लांबची भरपाई म्हणजे कमी भरपाई, हे तत्त्व आपल्या नियमांत येऊ शकतं. खाडीचं नुकसान त्याच खाडीत किंवा शेजारच्या खाडीत भरून काढायचं, आणि तिथे खरोखर जागा नसेल तर ते लेखी कारणांसह जाहीर करायचं, असा आदेश आपलं खातं केंद्राकडे मागू शकतं. राज्याच्या स्वतःच्या प्रकल्पांना तर तो आजही लावता येईल.

महाराष्ट्रानं २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष केलं. कक्षाकडे माणसं आहेत, उपग्रह नकाशे आहेत, किनाऱ्यावरच्या गावांशी ओळख आहे. आपण त्यांना एक काम सांगावं. वसई ते मालाड या पट्ट्यातल्या भरती अडलेल्या सगळ्या मोऱ्यांची आणि बांधांची यादी करायची, कोळीवाड्यातली माणसं बरोबर घेऊन. प्रत्येक जागी पाणी किती चढतं ते आज नोंदवायचं, मग मोकळी करून एक, तीन आणि पाच वर्षांनी नोंदवायचं. निवट्या आणि चिंबोऱ्या मोजायच्या. कोणत्या प्रकल्पाच्या पैशानं कोणती मोरी उघडली ते मराठीत, नकाशासह, सर्वांना पाहता येईल असं ठेवायचं. आणि किनारी रस्त्याच्या तोडीचा पुढचा टप्पा सुरू होण्याआधी यातलं निदान काही काम उभं राहिलेलं असावं. रस्ता आधी आणि भरपाई सवडीनं, असं झालं की ती सवड कधीच मिळत नाही, हे आपणही जाणता.

चंद्रपूरचं वनीकरण रद्द करा, असं मी म्हणत नाही. ते कायद्यानं करावं लागणार असेल तर होऊ द्या. पण त्याला मुंबईच्या खाडीची भरपाई म्हणू नका, आणि खाडीची भरपाई वेगळी मंजूर करा. या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः नको. ती मोऱ्यांची यादी करायला घेतली की नाही, एवढं आपल्या खात्यानं जाहीर केलं तरी पुरे.

कळावे.

आपला,
चारकोपचा एक रहिवासी