टर्बो बसवण्याआधी क्राऊनचे दात मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या महिंद्रा जीपला घरच्या घरी टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा असलेले) डिझेल इंजिन बसवण्यावर लेख आला आहे. विषय छान, फोटोही छान. पण 'गाडीची ताकद दुप्पट होते' हे वाक्य वाचून उद्या कोणी तरी आवारात इंजिन उचलायला चेन-पुली टांगेल, म्हणून हे पत्र.

लेखातली जीप एमएम ५४०. तिच्यात मूळचे प्यूजोचे एक्सडीपी ४.९० इंजिन असते : २११२ सीसी, साधारण ६२ अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४५०० फेऱ्यांना. तिच्यात बसवलेले बोलेरोचे जुने २५२३ सीसी डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे) टर्बो इंजिन साधारण ६३ अश्वशक्तीचे, पण ३२०० फेऱ्यांना. म्हणजे अश्वशक्ती आहे तेवढीच. वाढतो तो टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास दीडपट, आणि तो दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच हाती येतो. घाटात गिअर न बदलता गाडी चढते ती यामुळे. मात्र जे इंजिन खालच्या फेऱ्यांना ओढते ते वरच्या फेऱ्यांना लवकर संपते, आणि लेखात नेमके हेच राहून गेले आहे.

हिशेब सोपा आहे. मागच्या टायरला आणि जमिनीला खडूने खूण करा, चाक एक पूर्ण फेरा पुढे ढकला आणि अंतर मोजा. ६.००-१६ टायरला ते २.२ मीटरच्या आसपास येते. ताशी ८० किलोमीटरला गाडी मिनिटाला १३३३ मीटर जाते, म्हणजे चाकाचे ६०६ फेरे. जुन्या जीपच्या डिफरन्शियलमध्ये (अॅक्सलमधल्या, चाके फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीत) पुष्कळदा ४३ दातांचा क्राऊन (मोठे दातेरी चाक) आणि त्याला फिरवणारे ८ दातांचे लहान पिनियन निघते, म्हणजे प्रमाण ५.३८. चौथा गिअर सरळ एकास एक. तेव्हा ८० ला इंजिन ३२६० फेऱ्यांवर. प्यूजोला ते सहज झेपते. डीआय टर्बो तिथे गव्हर्नरला (फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेला) टेकलेले असते. गाडी ८० च्या वर जात नाही, आवाज सहन होत नाही, डिझेल जास्त पिते, आणि मालक इंजिनाच्या डिझेल पंपाला दोष देत बसतो. ३९ आणि ८ दातांचा जोड (४.८८) घातला तर त्याच वेगाला फेरे २९५७ होतात, ४७ आणि ११ चा (४.२७) घातला तर २५८८. डोंगरात, ओझ्यासकट वापर असेल तर ४.८८ बरा, हायवे जास्त असेल तर ४.२७. फोर-व्हील असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही जोड एकाच प्रमाणाचे हवेत. नाहीतर फोर-व्हील लावताच शाफ्ट आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणारी पेटी) एकमेकांना पिळतात. शिवाय या जीपचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. ५.३८ चे ४.२७ केले की गाडी ८० ला असताना काटा ६३ च्या जवळ दाखवतो. केबलचा गिअर बदलला नाही, तर चालवणाऱ्याला आपण हळू जातोय असेच वाटत राहणार, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक! ब्रेकचे काम इंजिनाच्या आधी काढावे, मागून नाही.

आता जोडणीचे. इंजिन, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधले खोके), फ्लायव्हील, क्लच आणि सेल्फ एकाच गाडीचे घ्यावे. तुकडे वेगवेगळ्या दुकानांतून जमवले की तिथेच पैसे वाया जातात. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर मध्ये अॅडॅप्टर प्लेट लागते. ही प्लेट लेथवाल्याने 'बोल्ट बसतात' म्हणून दिली तर घेऊ नये. बोल्ट नुसते धरून ठेवतात, मध्य साधतात ते डॉवेल, म्हणजे नेमक्या मापाच्या खुंट्या. फ्लायव्हीलला डायल गेज लावून ते फिरवत बेल हाउसिंगचे भोक तपासा, फरक ०.१५ मिलिमीटरच्या आत हवा. जास्त असला तर सुरुवातीला काही कळत नाही. पुढे क्लच प्लेटचा हब फाटतो, इनपुट शाफ्टचे बेअरिंग ओरडू लागते आणि चौथा गिअर आपोआप सुटतो. पायलट बेअरिंगमध्ये (इंजिनाच्या क्रँकच्या टोकातल्या लहान बेअरिंगमध्ये) गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक पुरेसे शिरते का, आणि तळाला टेकत तर नाही ना, हेही मोजून घ्यावे. (आंब्याच्या फांदीला चेन-पुली अडकवण्याची पद्धत सोडावी. एक टनाची पुली आणि लोखंडी तिकाटणे भाड्याने मिळते.)

इंजिन ज्यावर बसते ते फौंडेशन फ्रेमला वेल्ड करण्याआधी पुढच्या अॅक्सलखाली जॅक लावून बंप रबर फ्रेमला टेकेपर्यंत अॅक्सल उचला. तेव्हाही चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) आणि अॅक्सल यांच्यात दोन बोटे जागा राहिली पाहिजे. घरात उभ्या गाडीत चेंबर कधीच लागत नाही, पहिल्या खड्ड्यात लागतो.

टर्बो बिघडतो तो बहुधा ऑइलच्या नळीपायी. आत जाणारी नळी बारीक, दाबाखाली. तिच्या जोडाला गॅस्केटचा डिंक लावू नये, त्याचा तुकडा भोकात बसला की बेअरिंग कोरडे. बाहेर येणारी नळी जाड, निदान १६-१८ मिलिमीटरची, सतत उतरती, कुठेही वर न वळणारी, आणि चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या वर सोडलेली. ऑइल केवळ वजनाने खाली येते. ही नळी बारीक पडली किंवा कुठे वाकली तर ऑइल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडते, सायलेन्सर निळा धूर सोडतो, आणि चांगला टर्बो 'गेला' म्हणून फेकला जातो. पहिल्यांदा चालू करताना टर्बोच्या ऑइलच्या तोंडात ऑइल भरा, डिझेल पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा (केबल असेल तर ओढून धरा) आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, मध्ये विश्रांती. मगच वायर जोडा.

इंजिन लागून लगेच बंद पडते, तासाभराने पुन्हा तेच, अशी तक्रार असेल तर डिझेलची लाईन हवा घेतेय. जुनी रबरी नळी डिझेल बाहेर गळू देत नाही, पण हवा मात्र आत ओढते. फिल्टर आणि पंप यांच्यात वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घालावी. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बँजो बोल्टचे (ज्यातून डिझेल जाते त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर दर खेपेला नवे. हवा काढताना आधी फिल्टर, मग पंप, शेवटी नोझलचे (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे) नट. चालू इंजिनात नोझलच्या पाइपजवळ हात नेऊ नये, त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते.

एका धोक्याचा तर लेखात उल्लेखही नाही. टर्बोचे सील फुटून ऑइल मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) गेले की डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावते. किल्ली काढली तरी थांबत नाही, फेरे वाढतच जातात. म्हणून पहिल्या चाचणीच्या वेळी एअर फिल्टरचा पाइप काढून ठेवावा आणि हवा शिरते ते तोंड झाकायला जाड फळी हाताशी असावी. हाताने किंवा फडक्याने झाकू नये, दोन्ही आत ओढले जातात.

पंपाचा इंधनाचा स्क्रू फिरवून 'अजून ताकद' काढणाऱ्यांना एकच आकडा सांगतो : जुन्या डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या दाटपणाचे माप) आहे. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल आणि तापलेला टर्बो.

राहिला कायदा. लेखात 'नंतर आरटीओत नोंद करून घ्यावी' असे लिहिले आहे. हा क्रम उलटा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन ही गोष्ट निराळी. इथे २११२ चे २५२३ सीसी होते आहे. तेव्हा इंजिन विकत घेण्याआधी लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर घ्यावे. नकार आला तर मूळच्या प्यूजोचाच पंप, नोझल आणि हेड नीट करून घ्यावे. जुन्या गाडीचे इंजिन घेताना इंजिन नंबर लिहिलेली पावती हवी. नाहीतर नोंदणीही अडते आणि अपघातात विमा कंपनीही हात वर करते.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे छापले आहे. त्यात निदान क्राऊन-पिनियनचा तक्ता द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कराड