पाण्यावरची शेती संशयाच्या फेऱ्यात नको

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

भाड्याने घेतलेल्या फ्लॅटवर किंवा बंगल्यावर छापा पडला आणि आत बंदिस्त खोलीत गांजाची लागवड सापडली, अशा बातम्या गेल्या काही वर्षांत गोव्यातील वृत्तपत्रांत वरचेवर वाचायला मिळतात. सोबतच्या छायाचित्रात पाण्याच्या टाक्या, पीव्हीसी पाइप, एलईडी दिवे, एअर पंप आणि द्रवखतांच्या बाटल्या मांडून ठेवलेल्या असतात आणि मथळ्यात ‘हायड्रोपोनिक’ (म्हणजे मातीविना, पाण्यावर पिकवलेले) हे विशेषण ठळक अक्षरांत असते. या कारवाईबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही; ती व्हायलाच हवी. परंतु नेमके हेच साहित्य वापरून आम्ही काही जण सॅलडची पाने, पालक, तांबडी भाजी आणि तुळस पिकवतो, आणि अशा प्रत्येक बातमीनंतर आमच्या दाराशी येणाऱ्यांच्या नजरेत जो संशय उतरतो, त्याविषयी कोणीतरी लिहिणे आवश्यक आहे.

आमच्याच भागातील एका होतकरू तरुणाने भाड्याच्या खोलीत लोखंडी मांडणी उभारून, तीत पाइप बसवून लेट्यूसची लागवड केली होती. खिडकीतून रात्री जांभळट उजेड दिसतो, अशी कुजबुज शेजारी सुरू झाली आणि घरमालकाने काहीही न विचारता त्याला खोली रिकामी करायला सांगितले. त्याने मालकाला आत नेऊन कोवळी पाने तोडून हातावर ठेवली, तरीही निर्णय बदलला नाही. घरमालकाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २५ नुसार आपल्या जागेचा अशा गुन्ह्यासाठी वापर जाणूनबुजून होऊ देणारा मालकही शिक्षेस पात्र ठरतो आणि ही भीती खरी आहे. मात्र हा कायदा काय सांगतो, हे नीट समजून घेतले तर ती भीती पालेभाजीपर्यंत पोहोचण्याचे कारण उरत नाही.

१९८५ च्या या कायद्याने गांजाच्या रोपाच्या लागवडीला बंदी घातली आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा ठेवली आहे. रोप कुंडीतल्या मातीत आहे, परसात आहे की पाण्याच्या टाकीवर आहे, याने त्यात काहीही फरक पडत नाही. धागा, बी किंवा उद्यानविद्येच्या कारणासाठी सरकार सशर्त परवानगी देऊ शकते, तो भाग निराळा. गोव्यातही २०२० च्या अखेरीस औषधी उपयोगासाठी नियंत्रित लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला होता आणि विरोध झाल्यावर मागे पडला. म्हणजे कायद्याची हरकत आहे ती त्या रोपाला. पाण्यावर पीक घेण्याच्या पद्धतीला कोणत्याही कायद्याने हात लावलेला नाही.

ही पद्धत चोरवाटेने आलेली नाही, हेही सांगायला हवे. झाडाला मातीतून नेमके काय लागते हे शोधण्यासाठी १८६० च्या दशकात सॅक्स आणि नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवली. १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिक यांनी टाक्यांवर टोमॅटोचे उंच वेल घेऊन दाखवले. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४० च्या दशकात कालिंपोंग येथे साध्या साहित्यावर याचे प्रयोग केले. गोव्यातही जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने मक्याच्या हिरव्या चाऱ्यासाठी हीच वाट धरली. ट्रेमध्ये मातीविना मका उगवून साधारण आठवड्याभरात, एक किलो दाण्यापासून पाच-सहा किलो चारा मिळतो. गुरांच्या गोठ्याशी जे सन्मानाने चालते, ते माणसाच्या जेवणासाठी केले की संशयास्पद का व्हावे?

आता या पद्धतीच्या प्रत्यक्ष कामाकडे येतो. माती सोडून पाण्याकडे वळू पाहणारे अनेक जण माझ्याकडे चौकशीला येतात. त्यांना विक्रेते ‘किट घ्या, पाणी भरा, भाजी काढा’ एवढेच सांगतात आणि ते खरे नाही. माती शेतकऱ्याच्या चुका पोटात घालते. खत जास्त पडले तर मातीचे कण ते धरून ठेवतात आणि हळूहळू मुळांना देतात. सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) थोडा इकडेतिकडे झाला तर ती तो सावरते. युरिया टाकला तर तिच्यातील जिवाणू त्याचे नायट्रेट करून देतात. पाण्याच्या टाकीत यातले कोणीही नसते. म्हणून टाकीत युरिया चालत नाही, कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट वापरावे लागते. म्हणूनच शेणकाला किंवा जीवामृत थेट टाकीत ओतले की चार दिवसांत दुर्गंधी सुटते आणि मुळे गुदमरतात. सेंद्रिय शेतीबद्दल मला आदर आहे, पण जीवामृताचे काम जिवंत मातीत चालते आणि ते तिथेच द्यावे.

पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहा या दरम्यान राखावा लागतो. तो सातच्या वर चढला की लोह द्रावणात असूनही मुळांना मिळेनासे होते आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात. नवखा माणूस ते पाहून खत वाढवतो, त्यामुळे दुखणे आणखी वाढते. तसेच कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची घट्ट द्रावणे एकाच बाटलीत मिसळू नयेत. तळाशी पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे पिकाच्या तोंडचे कॅल्शियम असते. बाजारात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या वेगळ्या मिळतात, त्यामागे एवढेच कारण आहे.

गोव्यापुरता सर्वात महत्त्वाचा मुद्दा पाण्याचा आहे, आणि त्यावर कोठेही नीट लिहिलेले आढळत नाही. फोंडा, सत्तरी, सांगे या भागांत जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. पिण्याला ते गोड लागते, पण त्यात कॅल्शियम कमी असते आणि सामू धरून ठेवण्याची ताकदही कमी असते. त्यामुळे सकाळी जुळवलेला सामू संध्याकाळपर्यंत घसरलेला दिसतो. उलट खाजन (खाडीकाठच्या बांध घातलेल्या) जमिनीच्या कडेच्या विहिरींत उन्हाळ्यात खारटपणा येतो. हातातला टीडीएस मीटर क्षार किती आहेत एवढेच सांगतो, ते खताचे आहेत की मिठाचे हे सांगत नाही. खाऱ्या पाण्याचा आकडा पाहून ‘खत भरपूर आहे’ असा समज करून घेणारा माणूस रोपे उपाशी ठेवतो आणि वर मीठ पाजतो. पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतल्याशिवाय कोणीही या कामात पैसे घालू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. वीस अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर तीस अंशांच्या पाण्यात तो साडेसातच्या आसपास राहतो; आणि नेमक्या त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. मे महिन्यात गच्चीवरची काळी टाकी दुपारी हाताला कोमट लागते. अशा दिवसांत टाकीवर रोपे धरून ठेवणारा थर्माकोलचा पत्रा उचलून मुळे पाहावीत. निरोगी मुळे पांढरीशुभ्र असतात आणि बोटातून सळसळत सरकतात. पिथियम बुरशीने धरलेली मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात, चिमटीत धरून ओढली की बाहेरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो. एकदा ही अवस्था आली की औषध शोधण्यापेक्षा टाकी रिकामी करून, धुऊन, नव्याने लावणे शहाणपणाचे ठरते. टाकी जमिनीत अर्धी पुरणे, तिला पांढरा रंग देणे, वर सावली करणे आणि एअर पंप अखंड चालू ठेवणे, हे उपाय आधीच करावेत. पंपाला इन्व्हर्टरची जोड हवीच, कारण पाइपमधून पातळ प्रवाह वाहणाऱ्या पद्धतीत कडक उन्हात वीज थोडा वेळ जरी गेली तरी मुळे सुकू लागतात. आपल्याकडे पहिल्या वळवाच्या पावसातच वीज जाते, हे वेगळे सांगायला नको.

पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे पानांतून बाष्प बाहेर पडत नाही, त्यामुळे कॅल्शियम कोवळ्या पानांच्या टोकापर्यंत चढत नाही आणि लेट्यूसच्या कडा करपतात. इथे खताने काही होत नाही, हवा खेळती ठेवावी लागते. म्हणून बंद खोलीपेक्षा वर पारदर्शक छप्पर आणि चारही बाजूंना जाळी असलेला मांडव गोव्याला अधिक मानवतो.

याच ठिकाणी मला बंदिस्त खोलीतील दिव्यांवरच्या लागवडीविषयी बोलायचे आहे. ४०० वॅटचा एक दिवा रोज १४ तास लावला तर महिन्याला १६८ युनिट वीज जाते, आणि त्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता खोलीतच साठत असल्याने ती बाहेर काढायला पुन्हा एसी लागतो. ॲरिझोनातील परिस्थिती धरून केलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बोलका आहे: एक किलो लेट्यूससाठी शेतात सुमारे २५० लिटर पाणी लागते तिथे तापमान नियंत्रित आणि पूरक दिवे असलेल्या हरितगृहात पाण्यावर घेतल्यास २० लिटर पुरते, उत्पादन सुमारे अकरापट मिळते, पण ऊर्जा मात्र ८२ पट लागते. गांजा पिकवणारा हा खर्च करतो, कारण त्याला आडोसा हवा असतो आणि मालाला मिळणारी किंमत तो खर्च भरून काढते. भाजीला ती किंमत मिळत नाही. गोव्यासारख्या भरपूर उजेडाच्या प्रदेशात पालेभाजीसाठी खिडक्या झाकून दिवे लावणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तरुणांनी सूर्यप्रकाश वापरावा; खर्चही वाचेल आणि शेजाऱ्यांना सगळे उघड्यावर दिसेल.

सगळीच पिके मातीतून उचलावीत, असे मी मुळीच म्हणत नाही. आगशीची वांगी, खोल्याची आणि हरमलची मिरची, कुळागरातील सुपारी-मिरी ही आपापल्या जमिनीची पिके आहेत आणि ती तिथेच राहावीत. पण गच्चीवर, सिमेंटच्या अंगणात, जिथे शेती होऊच शकत नाही तिथे पालेभाजी निघत असेल, तर बेळगावहून येणाऱ्या भाजीच्या ट्रकवरचे आपले अवलंबन थोडे तरी कमी होईल. वाढलेली रोपे मातीतून उपटून पाण्यात ठेवण्याचा प्रयत्न मात्र करू नये, मुळे तुटतात आणि मातीसोबत रोगही टाकीत उतरतात. धुतलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) नवे बी पेरूनच सुरुवात करावी.

कृषी संचालनालयाने विभागीय कार्यालयांतून पाण्याच्या कॅल्शियम, सोडियम आणि सामूची तपासणी माफक दरात करून द्यावी आणि मातीविना भाजी घेणाऱ्यांची साधी नोंद ठेवून त्यांना पिकाचे नाव व जागेचा पत्ता असलेला दाखला द्यावा. असा कागद हातात असता, तर वर उल्लेखिलेल्या तरुणाला घरमालकासमोर आपली बाजू मांडता आली असती. आपल्या वृत्तपत्रानेही छाप्याच्या बातमीत जप्त केलेल्या रोपाला आणि त्याच्या वजनाला मथळ्यात स्थान द्यावे, पाइप आणि पंपांना देऊ नये, ही विनंती. शिवाय वापरून झालेले द्रावण गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये, हे संचालनालयाने दाखल्यावरच छापावे. त्यात नायट्रेट उरलेले असते आणि जांभ्या दगडातून ते पाण्यात उतरायला वेळ लागत नाही. पातळ करून माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात घातले, तर ते खत म्हणून वापरले जाते.

आपला नम्र,
एक भाजी उत्पादक,
फोंडा, गोवा