गच्चीवर आखलेला बोर्ड

धरमपेठ, नागपूर
१८ मे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. ‘सरळ नऊ फुटीच लाँगबोर्ड घे आणि सुखात राहा’ असं लिहिलंस, ते काळजीपोटी, हे मला कळतं. पण ऐक, लाटांवर उतरायला नवा सर्फबोर्ड ठरला. सात फूट सहा इंच लांब, सव्वाएकवीस इंच रुंद, जाडी तीन इंचांना जराशी कमी, शेपूट निमुळतं गोल, म्हणजे राउंड पिनटेल. आकारमान एकूण ५० लिटरच्या आसपास. फोनवर हा विषय निघाला की आपण दोघंही एकदम बोलतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायला बसलो.

काल दिवेलागणीला गच्चीवर चार बादल्या पाणी मारलं. दिवसभर ऊन खाल्लेली फरशी, पाणी पडताच चर्र झालं. ती जरा निवल्यावर खडूने माझा जुना नऊ फुटी बोर्ड पूर्ण मापात आखला आणि त्याच्या पोटात हा नवा, शेपरने, म्हणजे बोर्ड तासून घडवणाऱ्या कारागिराने, पाठवलेल्या मापांवरून. शेपटाच्या टोकापासून एक फूट वर येऊन दोन्हीकडे टेप लावला. जुना पंधरा इंच, नवा साडेतेरा. दीड इंचाचा फरक, पण आकृतीत तो असा डोळ्यात भरतो की बैलाची पाठ आणि हरणाची पाठ शेजारीशेजारी ठेवावी. ही खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, ‘काहून एवढं मोजून राहिले तुम्ही? कापड थोडंच फाडायचंय?’ मी तिला आकृतीवर पालथं झोपून दाखवलं, छाती कुठे येते ते. नव्या बोर्डाची सगळ्यांत जास्त जाडी तिथेच मागितली आहे, छातीखाली.

मागच्या ऑगस्टमध्ये श्रीलंकेत अरुगम बेला काय झालं ते तू किनाऱ्यावरून पाहिलंस. पाण्याखाली काय झालं ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. त्या सकाळी लाटा डोक्याच्या हातभर वर होत्या. लाट पकडायला काही त्रास झाला नाही, पाच-सहा हात मारले आणि बोर्ड धावायला लागला. उभाही राहिलो. तेवढ्यात लाटेचा उतार एकदम खडा झाला आणि ते लांब, सपाट नाक सरळ पाण्यात घुसलं. मी पुढे फेकलो गेलो. खाली पाणी हिरवं नव्हतं रे, तपकिरी होतं, सगळी वाळू ढवळलेली, वर कुठे आणि खाली कुठे काही कळेना. बोर्डाला बांधलेल्या दोरीने, लीशने, घोटा ओढला त्या दिशेला वर असणार, एवढंच सुचलं. पुढच्या लाटेवर नाक वाचलं, तर वळताना शेपूट सटकलं आणि मी आडवा झालो. त्यानंतर तीन आठवडे डाव्या कुशीवर झोपता आलं नाही.

त्या दोन लाटांनीच मला या बोर्डाचा आकार सांगितला. नाक घुसलं, कारण बोर्डाचा रॉकर, म्हणजे त्याचा होडीसारखा बाक, फारच कमी होता. शेपूट सटकलं, कारण ते रुंद होतं. वेग वाढला की पाणी रुंद शेपटाला खालून उचलतं, कडेची पकड सुटते. निमुळतं शेपूट पाण्यात थोडं बुडतं आणि धरून ठेवतं. हवाईच्या पोरांना हे १९३० च्या दशकातच कळलं होतं. त्यांच्या लाकडी फळ्यांना तेव्हा फिनही, म्हणजे शेपटाखालचा माशासारखा पर, नव्हती, खड्या लाटेवर त्या आडव्या घसरायच्या. तर जॉन केली आणि त्याच्या मित्रांनी कुऱ्हाड घेतली आणि फळीचं शेपूट दोन्ही बाजूंनी तासून काढलं. हॉट कर्ल म्हणतात त्या बोर्डांना. मोठ्या लाटांसाठीचे लांब, टोकदार ‘गन’ बोर्ड पुढे त्याच वळणावर गेले.

मग लहानच का नाही घेत, असं तुझा मुलगा विचारेल. त्याचा साडेसहा फुटी, ३५ लिटरचा बोर्ड त्याला शोभतो. लाट अगदी उभी राहीपर्यंत तो थांबू शकतो, कारण अर्ध्या सेकंदात तो पायांवर असतो. मी सतरंजीवर पॉप-अप, म्हणजे पालथ्याचं झटक्यात उभं राहणं, करताना मोबाइलवर चित्रण केलं, मोजलं. मला दीड सेकंद लागतो. मित्रा, तो मधला एक सेकंद मला बोर्डाकडून घ्यायचा आहे. लाट खडी व्हायच्या आधी आत शिरायचं, उतार सौम्य आहे तोवर उभं राहायचं. त्यासाठी लांबी हवी, छातीखाली फोम हवा. आपल्याकडे येणाऱ्या मोठ्या लाटा पार दक्षिणेकडच्या वादळांतून निघून हिंदी महासागर ओलांडून येतात. दोन लाटांमध्ये पंधरा-सोळा सेकंदांचं अंतर असलं की लाट पळतेही वेगाने. तिच्या वेगाला गाठायला माझे खांदे एकटे पुरत नाहीत.

रॉकरवर मात्र मी दोन रात्री घालवल्या. नाक जास्त उचललं तर बोर्ड पाणी ढकलत बसतो आणि पॅडल, म्हणजे हातांनी वल्हवणं, जड होतं. कमी उचललं तर अरुगम बे पुन्हा. शेवटी बेताचाच बाक ठेवायला सांगितलाय, नाकाच्या शेवटच्या फूटभरात जरा जास्त आणि छातीखाली जवळपास सपाट.

फिनचा घोळ घातला नाही. तीन फिन, थ्रस्टर. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ साली ती रचना स्पर्धांत उतरवून सिद्ध केली. माझ्या पायांना तिची सवय आहे, भीती वाटेल त्या लाटेवर सवयीचंच पाहिजे. वजन मात्र मुद्दाम जास्त घेतोय. पॉलियुरेथेनचा फोम, वर सहा आणि चार औंसांचं काचतंतूंचं कापड, खाली सहाचं. हलका इपॉक्सी बोर्ड वाऱ्याने खडबडलेल्या पाण्यावर टाळ्या वाजवत जातो. हा दबून जाईल. उचलताना खांद्याला जड पडेल, पण तेवढं चालेल.

तू वयाचं लिहिलंस. २०१६ साली हवाईतल्या वायमिया बेला ‘द एडी’ ही मोठ्या लाटांची स्पर्धा झाली तेव्हा क्लाइड ऐकाऊ ६६ वर्षांचा होता आणि स्वतःच्या भावाच्या नावाच्या त्या स्पर्धेत त्या राक्षसी लाटांवर उतरला होता. मला वायमियाला जायचं नाही. मला फक्त बालीतल्या मेडेवीच्या त्या लांब डाव्या लाटेवर, तळाच्या गोट्यांची भीती न बाळगता, एकदा शेवटपर्यंत जायचंय. ती मला पाठमोरी घ्यावी लागणार, म्हणून तर शेपटाची पकड इतकी महत्त्वाची वाटते.

शरीराचं बरं चाललंय. पहाटे साडेपाचला तलावावर जातो, चाळीस फेऱ्या, त्यातल्या दहा श्वास लांबवून. खांद्याचे रबर बँडचे व्यायाम एक दिवस चुकवलेले नाहीत.

आता तुझ्याकडे काम. शेपर पुढच्या आठवड्यात फोम तासायला घेणार आहे. तू चेन्नईजवळच्या कोवलमला राहतोस, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. काचतंतूंचं कापड चढवायच्या आधी एकदा जाऊन शेपटाजवळ टेप लाव. टोकापासून एक फुटावर साडेतेरा इंच यायला हवं. चौदा भरलं तर त्याला गोड बोलून कमी करायला लाव, तुझं तमिळ माझ्यापेक्षा बरं आहे. आणि शेवटच्या दीड फुटातली खालची कड बोटाने तपास, धारदार लागली पाहिजे. तिथून पाणी सुटतं.

खडूची आकृती अजून गच्चीवर आहे. वळीव येईपर्यंत पुसू नका म्हणून हिला सांगितलंय, रोज संध्याकाळी दहा वेळा त्यावरच उठतो. १० जूनच्या रात्रीच्या गाडीचं चेन्नईचं तिकीट काढलंय. वहिनींसाठी संत्रा बर्फी आणतोय, तुझ्या वाटची वेगळी.

तुझा
लंगोटीयार