काका, तुमचं नाव लिहीत नाही

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, आणि ते तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, हे प्रभूचं सांगणं तुम्ही कधी कुणाला ऐकवलं नाहीत. पाळलंत मात्र इतकं कडक की तुम्ही आमच्याकडे कशासाठी येता ते काकींनाही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, पप्पांबरोबर पत्ते खेळायला जाता. म्हणून तुमचं नाव इथे येणार नाही, आपल्या धर्मग्रामाचं (पॅरिशचं) नाही आणि आळीचंही नाही. वसईच्या पश्चिमेला सोनचाफ्याच्या वाड्या पुष्कळ आहेत आणि डोक्याला पंचा गुंडाळून सायकलवर फिरणारे काकाही पुष्कळ. शोधणाऱ्याने खुशाल शोधत बसावं.

लिहायला बसले त्याला कारण झालं ऑफिसातलं जेवण. माझ्या सहकाऱ्यांच्या लेखी ख्रिस्ती माणूस म्हणजे नाताळचा केक, गोवा, गिटार आणि सिनेमात दारूचा पेला घेऊन फिरणारा कुणीतरी अंकल. त्यांना दोष देत नाही, पडद्यावर आम्ही पिढ्यानपिढ्या तेवढेच दिसलो. पण एकीने परवा खरंच मनापासून विचारलं, ‘तुमच्याकडे रोज करायचं असं काय असतं गं?’ मी मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना म्हटलं, रोझरी म्हणजे माळेची प्रार्थना म्हटलं, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तिला केळ्यांची गोष्ट सांगायला लागले.

२०१९ साली पप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं तर हातात केळ्यांची फणी नाहीतर शहाळं असायलाच हवं. नेमकी हीच दोन्ही त्यांना विषासारखी. किडनी काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. केळीच्या वाडीत जन्मलेला माणूस खाटेवर पडून, घरभर पिकत चाललेल्या केळ्यांचा वास घेत होता. येणारे प्रेमाने आणत होते, आम्ही हसून घेत होतो आणि संध्याकाळी शेजारी वाटत होतो.

तुम्ही आलात ते रिकाम्या हाताने. बरोबर आणखी एक जण होते. बसलात, पाणी घेतलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, ‘डॉक्टरांनी खायला काय काय बंद केलंय?’ आई सांगत गेली आणि तुम्ही लग्नपत्रिकेच्या पाकिटावर मागच्या बाजूला लिहीत गेलात: केळी, शहाळं, टोमॅटो, पालेभाजी शिजवायची तर आधी उकळून पाणी टाकून. पुढच्या रविवारी सफरचंदं आणलीत आणि खुणा केलेला एक मापाचा पेला. दिवसभरात पाणी किती प्यायचं यावरून आई-पप्पांची रोज खडाजंगी व्हायची. ती म्हणायची झालं तुमचं, ते म्हणायचे घोटभरच घेतलाय. पेला आला आणि भांडण मिटलं. आमच्या घरात तेव्हा प्रार्थना करून जाणारे खूप होते, त्यांचंही ऋण आहेच. पण काय लागतं ते आधी विचारणारे तुम्ही पहिले.

ही तुमची एकट्याची खुबी नसून त्याला एक शिस्त आहे, हे मला बऱ्याच नंतर कळलं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं नाव लहानपणापासून ऐकत होते, म्हणजे चर्चच्या दाराशी ठेवलेली दानपेटी एवढीच माझी समजूत. १८३३ साली पॅरिसमध्ये विशीतल्या काही विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. फ्रेडरिक ओझानाम त्यांतला एक. बरोबरीची मुलं वादात त्यांना डिवचायची, की तुमच्या चर्चने एके काळी मोठी कामं केली असतील, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. उत्तरादाखल ती मुलं भाषण करत बसली नाहीत. रोझाली रँद्यू नावाची एक सिस्टर त्या शहराच्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होती. सिस्टर म्हणेल त्या घरी ही मुलं जायला लागली. घरी जायचं, बसायचं, ऐकायचं, आणि मग काय द्यायचं ते ठरवायचं. तुम्ही जोडीने येता तेही त्याच रिवाजाने. सोसायटीच्या सभेत फिरणारी ती कापडी थैली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गंमत वाटली होती. प्रत्येकाने मूठ आत घालायची, कुणी किती टाकले ते कुणाला दिसत नाही. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काहीच नाही त्यानेही मूठ आत घालून बाहेर काढायची. हे ज्याला सुचलं त्याला गरिबीतली लाज पुरती ठाऊक असणार.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्याच भागात शिधावाटपाचे किती फोटो निघाले! एक पिशवी आणि ती धरायला सहा हात. घेणाऱ्या बाईने तोंडावर पदर ओढला तर तो बाजूला करायला सांगणारा महाभागही मी पाहिला. त्याच दिवसांत लोकल बंद, दादरचा फुलबाजार बंद, देवळं बंद. तुमचा सोनचाफा झाडावरच सुकून खाली पडत होता. आणि डायलिसिस काही टाळेबंदी पाळत नव्हतं. तुम्ही पप्पांचा टेम्पो बाहेर काढलात, हौद्यात गादी टाकलीत आणि मुंबईचं हॉस्पिटल गाठलंत. नाक्यानाक्यावर कागद दाखवत, आठवड्यातून तीनदा. मी पुढच्या सीटवर बसून एकदा फोन काढला होता, तर तुम्ही नुसतं म्हणालात, ‘रस्ता बघ, गाडी चालवायला शिकायचंय ना तुला?’

पण खरं आभार मानायचे आहेत ते त्या दाखल्याबद्दल, आणि तेच सगळ्यात अवघड आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. आता ती सगळ्यांना खुली झाली आहे, तेव्हा मात्र आमच्याकडे पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असायला हवं होतं. टेम्पो पप्पांच्या नावावर, म्हणून आमचं कार्ड पांढरं. टेम्पो चालवणारा माणूस खाटेवर, पण कागदावर आम्ही खाऊनपिऊन सुखी. एका एजंटाने तोडगा काढून दिला. टेम्पो मामांच्या नावावर करा, उत्पन्नाचा दाखला मी खालचा काढून देतो, केशरी कार्ड माझ्याकडे लागलं. त्याचा दर आईच्या एका बांगडीएवढा होता. आई तयार होती, मीही होते.

तुम्ही म्हणालात, ‘मी यात नाही.’

आई म्हणाली, ‘सगळे करतात.’

‘करतात. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उद्या मी कुणाच्या खऱ्या कागदासाठी साहेबासमोर उभा राहिलो, तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील?’

बायबल काढलं नाहीत, पापपुण्य काढलं नाहीत. तुम्ही गेल्यावर आई जे बोलली ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते: ‘शुद्ध राहायला यांना काय जातंय? किडन्या यांच्या गेलेल्या नाहीत.’ मला ते तेव्हा पटलं होतं. आजही पूर्ण खोटं वाटत नाही. नीतीचा हिशेब आजारी माणसाच्या घरात फार महाग पडतो, आणि तो सांगणारा बहुतेक वेळा स्वतः काही भरत नाही.

तुम्ही भरलंत, हा फरक. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? तुम्ही कुठूनतरी माहिती काढलीत. टेम्पो, वाडीतला पप्पांचा हिस्सा, आईचं शिवणकाम, सगळं खरं खरं लिहून अर्ज केलात. एका ठिकाणी खिडकीवरच्या माणसाने ‘कोटा संपला’ म्हणून परत पाठवलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेची फुलं दादरला टाकून तिथेच जाऊन बसलात, तिसऱ्या दिवशीही. शेवटी दुसऱ्या एका हॉस्पिटलातल्या समाजसेविका बाईंनी कागद नीट वाचले आणि सवलत मिळाली. मधल्या काळात पूर्ण दराने भरलेल्या पैशांतला मोठा वाटा त्या थैलीतून आला. बांगडी शेवटी विकावी लागलीच. आई अजून म्हणते, एजंटाला दिली असती तर लवकर सुटलो असतो. तिच्याशी मी वाद घालत नाही. पण उत्पन्नाचे दाखले जोडलेले अर्ज आता माझ्या हातून जातात, आणि समोरच्या बाई माझ्याकडे न बघता शिक्का मारतात. तुमच्या त्या एका ‘मी यात नाही’ची ही मिळकत आहे.

आपल्या लोकांना आधी द्या, बाहेरच्यांचं बाहेरचे बघतील, हा सूर सभेत अजूनही निघतो. जमिनी गेल्या, इमारती उठल्या, पाणी पळवलं, असं सगळं साचलेलं त्या सुरात असतं आणि ते उगाच नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या त्या रिक्षावाल्याच्या बायकोचं नाव तुम्ही पुढे केलंत तेव्हा तो वाद टिपेला गेला होता म्हणे. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आजाराचा बाप्तिस्मा झालेला नसतो.’ हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तुमची चांगली वाक्यं मला नेहमी दुसऱ्यांकडूनच कळतात. ती बाई पप्पांच्याच वेळेला डायलिसिसला असायची. दोघं एकमेकांचे रिपोर्ट परीक्षेच्या मार्कांसारखे ताडून बघायचे.

एक गंमत लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्रायश्चित्तकाळातले, म्हणजे ईस्टरआधीचे, आपले शुक्रवार! मटण वर्ज्य, म्हणून घरोघरी पापलेट. याला उपवास म्हणायचं तर श्रीमंतांनी रोज करावा. तुम्ही एका शुक्रवारी आमच्याकडे जेवायला थांबलात, तुकडीकडे बघून खूप हसलात आणि दोन घेतल्यात. तुमचा स्वतःचा उपवास कसला असतो ते मला तुमच्या वाडीवर फुलं तोडायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं. सोनचाफा रविवारीही फुलतोच, त्याला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, ठाऊक नाही. रविवारी तोडलेल्या फुलांचे पैसे तुम्ही घरात घेत नाही, ते त्या बाईंचे. लग्नसराईत भाव चढला तरी. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी उभं ठेवा असं जुन्या करारात आहे आणि त्यावर मी चांगली प्रवचनंही ऐकली आहेत. पण कडेचं पीक म्हणजे नक्की किती, याचा आकडा काढून बसलेला माणूस मी एकच पाहिला. आणि ती फुलं जातात कुठे तर बहुतेक गणपतीच्या नाहीतर देवीच्या पायांवर. यावर तुमचं मत विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘दादरला भाव चांगला येतो.’

पप्पा गेले त्या दिवसाबद्दल लिहीत नाही. तुम्ही खुर्च्या मांडत होता एवढं आठवतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर आता मीही रविवारी संध्याकाळी जोडीने घरं फिरते. मोबाइल पिशवीत ठेवते. आमच्या पिढीला ते पैसे देण्यापेक्षा जड जातं, खोटं कशाला बोलू. समोरची म्हातारी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असते आणि बोटं पिशवीकडे वळतात. एका मुलाने मला विचारलं, ‘ताई, तुम्ही धर्माच्या आहात की सरकारच्या?’ मी त्याला विचारलं, ‘आजीला खायला काय काय बंद केलंय?’ त्याने कागद आणला.

तर काका, त्या पहिल्या प्रश्नाबद्दल आभार. मापाच्या पेल्याबद्दल, टेम्पोच्या हौद्यातल्या गादीबद्दल आभार. आईशी न भांडल्याबद्दल खास आभार. तिला हे पत्र वाचून दाखवलं, तिने बांगडीचा उल्लेख ठेवायला सांगितलं आणि ‘चिंच आणि सुके बोंबील ठेवलेत, येऊन घेऊन जा म्हणावं’ असा निरोप दिला आहे.

पुढच्या सभेला येताना सवलतीच्या अर्जाचे कोरे नमुने आणा, माझ्याकडचे संपलेत. आणि रिक्षावाल्यांच्या घरचं कार्ड आता नवीन पत्त्यावर करायचं आहे, त्यासाठी घरमालकाची सही लागेल. तो माझ्याशी बोलत नाही, तुमच्याशी बोलेल.

तुमची,
टेम्पोवाल्यांची धाकटी