सुर्लच्या मंडळींचे आभार

गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटातल्या डोंगरवाटेने गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या सुर्ल गावाला जाताना बाबांचा पाय शेवाळावरून घसरला, घोटा टम्म सुजला. मोबाईलला रेंज नाही, त्यात धुकं. गुरं घेऊन निघालेल्या एका काकांनी हाका मारून वाड्यावरची पोरं जमवली. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून त्यांनी बाबांना उचलून घरी नेलं. मावशींनी मीठ लावून जळवा काढल्या, चुलीशी बसवलं, गरम पेज आणि मिठातलं तोर (खारवलेली कैरी) वाढलं. एरवी पेजेला नाक मुरडणाऱ्या बाबांनी पुन्हा मागून घेतली! साखळीच्या दवाखान्यापर्यंत गाडीही काकांनीच जुळवली. पैसे पुढे केले तर रागावलेच, नावही सांगेनात. काका, मावशी, पोरांनो, मनापासून आभार. बाबा आता काठीशिवाय चालतात.