हुमणी सप्टेंबरात नाही, वळवाच्या पावसातच रोखायची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वाळवा तालुक्यात परवा वळवाचा चांगला पाऊस झाला. दिवस मावळताच बांधावरचा कडुनिंब भुंगेऱ्यांनी भरला. हेच हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे. गावात मात्र त्याची कुणी दखल घेतली नाही. सप्टेंबरात ऊस पिवळा पडून वाळायला लागला, की हीच माणसं कृषी सेवा केंद्रापुढं उभी राहतील आणि मिळेल ते औषध सरीत ओततील. म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे.

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. मे-जूनच्या पहिल्या दमदार पावसानं भुंगेरे जमिनीतून वर येतात. तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, तिथंच मिलन होतं, रात्रभर पाला खातात आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते. बारीक अळी आधी कुजलेल्या काडीकचऱ्यावर जगते, मग उसाच्या मुळांकडं वळते. ऑगस्टनंतर ती बोटाएवढी जाड होते. तेव्हा ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, आत माणूस शिरत नाही, आणि अळी मातीत खोल असते. ओतलेलं औषध वरच्या थरातच अडकतं, तिच्यापर्यंत जातच नाही. शेतकऱ्याचे पैसे जातात, गांडुळं मरतात आणि हुमणी मुळं खातच राहते. वाळलेलं उसाचं बेट हातानं ओढलं तर अलगद वर येतं, खाली मुळंच नसतात. खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात, हे जास्त दिसतं, कारण तिथली जमीन नांगरटीनं उलटलेली नसते.

पूर्वी आमच्याकडं बाया-बापे उघड्या हातानं फोरेट हे विषारी दाणेदार कीटकनाशक विस्कटायचे. त्या वासानं डोकं उठायचं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम. 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आली, ते फार बरं झालं. पण फोरेट गेलं आणि त्याच्या जागी दुसरी बाटली आली. सवय तीच राहिली.

भुंगेरे गोळा करायला खर्च जवळजवळ नाही. संध्याकाळी साडेसात-आठला झाडाखाली जुनी ताडपत्री अंथरायची, आकडीनं फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे बादलीत टाकायचे. रॉकेल आता मिळत नाही, पण धुण्याच्या पावडरीचं पाणी चालतं. या दिवसांत मारलेली एकेक मादी म्हणजे पुढच्या पन्नास अळ्या कमी. काही जण झाडावरच कीटकनाशक फवारायला सांगतात. हाताला येतील तेवढ्या उंचीच्या झाडांवर त्याची गरज नाही, त्यात मधमाश्या जातात. प्रकाश सापळाही चांगला, पण रात्रभर चालू ठेवू नये, उपयोगाचे किडेही त्यात पडतात.

अडचण एकच आहे. मी माझं झाड झाडलं आणि शेजारच्या बांधावरची बाभूळ तशीच राहिली, तर तिथले भुंगेरे माझ्या रानात अंडी घालणारच. बांध माणसाला कळतो, भुंगेऱ्याला नाही. हे काम अख्ख्या शिवारानं एकाच वेळी केलं तरच फळ मिळतं, आणि पाऊस पडल्यापासून दोन-तीन आठवडेच ते करता येतं.

त्याच्या जोडीला मेटारायझियम बुरशी आहे. अळी लहान असतानाच, ओल असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ती मुळाशी द्यायची. बुरशी लागलेली अळी कडक होते आणि तिच्यावर हिरवी पूड चढते. ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांनी पुडा कुठं ठेवला होता तेही आठवावं. बुरशी जिवंत असते. पत्र्याच्या शेडमध्ये मेभर तापलेल्या पुड्यात काय उरणार? आणि कच्चं शेणखत रानात टाकू नका, त्यातून अळ्या येतात. ऊस तुटल्यावर खोल नांगरट केली, तर मागं बगळे-कावळे बाकीचं काम फुकट करतात.

माझी मागणी कारखाने आणि ग्रामपंचायतींकडं आहे. कारखान्याच्या ऊस विकास विभागानं पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव दवंडी द्यावी. भुंगेरे किलोवर विकत घ्यावेत. शेतमजूर बायांना आणि तरुण पोरांना त्यातून चार पैसे मिळतील, आणि सप्टेंबरात अनुदानावर औषध वाटण्यापेक्षा हा खर्च नक्कीच कमी असेल. बुरशीचे पुडे सावलीत, गारव्यात ठेवून जूनच्या पहिल्या आठवड्यातच गटकार्यालयात द्यावेत. ग्रामपंचायतीनं गायरानातली आणि रस्त्याकडेची झाडं स्वतःकडं घ्यावीत, कारण ती कुणाच्याच वाट्याची नाहीत आणि सगळ्यात जास्त भुंगेरे तिथंच असतात.

पत्र या आठवड्यातच छापावं ही विनंती. मृग लागून गेल्यावर छापलं तर या हंगामाला त्याचा उपयोग नाही.

आपली,
एक ऊस उत्पादक शेतकरी महिला
ता. वाळवा, जि. सांगली